चौबगला आणि संगणकाचे डिझाइन पॅटर्न

कॅम्प, कोंढवा, भवानी पेठ, गंज पेठ. पुण्याच्या या भागांत आता गल्लीगणिक एखादा तरी मुलगा किंवा मुलगी संगणकाचा अभ्यासक्रम करताना दिसते. वडिलांचे दुकान कापडाचे, हार्डवेअरचे किंवा मोटारीच्या सुट्या भागांचे असते आणि चिरंजीव हिंजवडीच्या कंपनीत मुलाखतीला जातात. तेथे हमखास प्रश्न येतो: डिझाइन पॅटर्न येतात का? सिंगलटन सांगा, फॅक्टरी सांगा. मुलगा आदल्या रात्री पाठ केलेली उत्तरे म्हणून दाखवतो. कधी नोकरी लागते, कधी लागत नाही. पण हाच मुलगा घरच्या दुकानासाठी बिलाची आज्ञावली लिहायला बसतो, तेव्हा ती पाठ केलेली विद्या कशी वापरतो हे पाहण्यासारखे असते.

या पानावर आपण बाजारभाव, कर्ज, कर यांवर लिहितो. संगणकाच्या आज्ञावलीची रचना हा विषय येथे कशाला, असे काही बांधव विचारतील. याचे कारण सरळ आहे. आज दुकानदार या आज्ञावलीचे पैसे मोजतो आणि आपली मुले ती लिहितात, म्हणजे दोन्ही बाजूंना आपणच आहोत. हे पॅटर्न शिकावेत, अवश्य शिकावेत, असे माझे मत आहे. परंतु ज्या क्रमाने ते शिकले जातात तो क्रम उलटा आहे, आणि त्याचा भुर्दंड दोघांनाही पडतो.

प्रथम पॅटर्न म्हणजे काय ते पाहू. शिंपीकाम करणारे बांधव पॅटर्न म्हटले की कागदी फर्मा समजतील. फर्मा कापडावर ठेवावा, खडूने आखावे, कापावे. शंभर नग एकसारखे निघतात. संगणकाचा डिझाइन पॅटर्न हा तसा फर्मा नव्हे आणि तयार मालही नव्हे. त्याला जवळची वस्तू शिंप्याकडेच आहे, ती म्हणजे चौबगला.

सरळ कापाच्या कुर्त्यात हात वर केला की बगलेत कापड ताणते आणि चार धुण्यांत शिवण उसवते. यावर जुन्या उस्तादांनी तोडगा काढला. बगलेत एक चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा, म्हणजे हात मोकळा फिरतो आणि शिवणीवर ताण येत नाही. याला नाव आहे, त्यामुळे उस्तादाने ‘चौबगला घाल’ एवढे म्हटले की शागीर्द समजतो. त्यामागे एक ठरावीक अडचण आहे. तोडगा आहे, पण मापे ठरलेली नाहीत. ती अंगाप्रमाणे आणि कापडाप्रमाणे बदलतात. आणि त्याची किंमतही आहे: शिवण वाढते, वेळ वाढतो, हात कच्चा असेल तर बगलेत चुणी पडते. नाव, अडचण, तोडगा आणि त्याचे बरे-वाईट परिणाम, या चार गोष्टी मिळून पॅटर्न होतो. संगणकवाल्यांच्या मूळ ग्रंथातही पॅटर्नची हीच चार अंगे सांगितली आहेत.

तो ग्रंथ १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत निघाला. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस हे त्याचे चार लेखक. त्यात २३ पॅटर्न आहेत. मात्र कल्पना त्यांची स्वतःची नव्हे, ती वास्तुविद्येतून आली आहे, आणि त्या वाटेवर आपल्या शेजारचा गुजरात लागतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे व्हिएन्नात जन्मलेले, इंग्लंडमध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेत बर्कलीला अध्यापन केलेले वास्तुतज्ज्ञ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ते गुजरातमधील एका खेड्यात काही महिने राहिले. १९६४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात ६०० वस्तीच्या एका भारतीय खेड्याचे उदाहरण सविस्तर मांडलेले आहे. त्या खेड्याच्या १४१ गरजांची त्यांनी यादी केली आणि कोणती गरज कोणत्या गरजेशी अडकलेली आहे ते सोडवून दाखवले. पुढे १९७७ साली सहकाऱ्यांसह त्यांनी घरे, गल्ल्या, शहरे यांच्या बांधणीतील २५३ पॅटर्नचा ग्रंथ काढला. त्याच पद्धतीचा उपयोग आज्ञावलीसाठी करून पाहण्याचा प्रयोग केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी १९८७ मध्ये मांडला. त्यानंतर सात वर्षांनी वरील चौघांचा ग्रंथ आला.

पुणेकराला यातील मूळ विचार नवा वाटू नये. जुन्या पेठांतील वाडे पाहा. मध्ये चौक, भोवती पडवी, रस्त्याच्या बाजूला ओटा. उजेड हवा, वारा हवा, घरातल्या बायकांना आडोसा हवा आणि रस्त्याची वर्दळ आत नको, या गरजांवर गवंड्या-सुतारांच्या पिढ्यांनी शोधलेले हे उत्तर. तरी कोणतेही दोन वाडे एकसारखे नाहीत. नकाशा छापून कोणी वाटला नव्हता.

आता दुकानात येऊ. पुण्याच्या व्यापाऱ्याने गेल्या वीस वर्षांत किती कर पाहिले ते आठवा. १ एप्रिल २००५ ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला. १ एप्रिल २०१३ ला जकात जाऊन एलबीटी आला. त्या वेळी बाजार बंद ठेवावे लागले होते. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतील उलाढालीला एलबीटी माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पेच बदलले. तयार कपड्यांचे घ्या. २०१७ पासून हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. २०२५ च्या बदलानंतर अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के झाले. म्हणजे दर बदलला आणि ज्या किमतीवर दर पालटतो ती रेषाही हलली.

अशा वेळी कच्ची आज्ञावली कशी उघडी पडते? लिहिणाऱ्याने ५, १२ आणि १००० हे आकडे बिलाच्या पानात, परतीच्या पानात, महिन्याच्या अहवालात, साठ्याच्या यादीत असे जागोजागी कोरून ठेवलेले असतात. दर बदलले की प्रत्येक जागा शोधा. एखादी राहिली की बिल एक सांगते आणि अहवाल दुसरेच. त्याहून वाईट म्हणजे घाईत जुना आकडा पुसून त्यावर नवा बसवणे. २० सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकलेला दोन हजारांचा कुर्ता गिऱ्हाईक २५ तारखेला परत घेऊन आले, तर उलट नोंद जुन्या बिलाच्या दरानेच व्हायला हवी. जुना दर पुसून टाकलेली आज्ञावली तेथे ५ टक्के धरते, आणि मग हिशेबनीस डोक्याला हात लावून बसतो.

पॅटर्न शिकलेला तरुण म्हणेल, येथे स्ट्रॅटेजी पॅटर्न लावा. स्ट्रॅटेजी म्हणजे काम एकच, पण करण्याच्या रीती अनेक. प्रत्येक रीत वेगळ्या डब्यात ठेवावी आणि प्रसंगाप्रमाणे डबा बदलावा. विचार चांगला आहे. पण थांबा. दर बदलणे ही रीत बदलणे नव्हे, तो फक्त आकडा बदलणे आहे. त्यासाठी साधा तक्ता पुरतो: कोणता माल, कोणत्या तारखेपासून, किती किमतीपर्यंत, किती टक्के. नवा दर आला की खाली नवी ओळ लिहायची आणि जुनी तशीच ठेवायची. दुकानदार स्वतःसुद्धा ती ओळ भरू शकेल. येथे पाच टक्क्यांचा एक डबा, अठराचा दुसरा डबा असे करणारा तरुण परीक्षेत पास होईल, पण पुढच्या बदलाला दुकानदाराला पुन्हा त्याच्याच दारात उभे राहावे लागेल.

मग स्ट्रॅटेजी कुठे शोभते? जेथे रीतच निराळी आहे तेथे. गिऱ्हाईक महाराष्ट्रातले असेल तर कर केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा दाखवायचा. माल बेळगावला किंवा हैदराबादला जात असेल तर एकच आयजीएसटी. दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचाच नाही. कर-बिलाऐवजी साधे पुरवठा बिल द्यायचे आणि स्वतःच्या उलाढालीवर कर भरायचा. ही खरोखर वेगळी गणिते आहेत, कागदही वेगळे आहेत. आज कंपोझिशनमध्ये असलेले दुकान दीड कोटीच्या पुढे गेले की उद्या त्यातून बाहेर पडते. अशा ठिकाणी रीत वेगळ्या डब्यात ठेवलेली असेल तर फक्त डबा बदलावा लागतो, बाकी दुकान तसेच चालू राहते. हा फरक ज्याला कळला त्याला पॅटर्न आला असे मी म्हणेन. तो पुस्तकाच्या व्याख्येतून कळत नाही, दोन-तीन बदल अंगावर घेतल्यावर कळतो.

सवलतीची गंमत आणखी निराळी. २,६०० रुपयांच्या शेरवानीवर बिलातच दोनशेची सूट दिली की कराची किंमत २,४०० होते आणि दर १८ वरून ५ वर येतो. म्हणजे आधी सूट, मग दर, मग कर, हा क्रम चुकला की बिल चुकले. या क्रमाला कोणत्याही पॅटर्नचे नाव नाही. तो धंद्याचा नियम आहे, आणि तो दुकानदाराला विचारूनच कळतो. गल्ल्यावर उभे न राहता बिलाची आज्ञावली लिहिणारे तरुण मोठमोठे पॅटर्न घालतात आणि येथे ठेचकाळतात.

सिंगलटनची गोष्ट अशीच. या पॅटर्नचा अर्थ असा, की आज्ञावलीत एखादी वस्तू एकच असावी, दुसरी निर्माणच होऊ नये. शिकणाऱ्यांना हा सर्वांत सोपा वाटतो, म्हणून सर्वांत आधी पाठ होतो आणि सर्वांत जास्त गैरवापर त्याचाच होतो. बिल क्रमांक एकामागोमाग एक यावेत म्हणून क्रमांक देणारा एकच सिंगलटन करतात. एका गल्ल्यावर ते चालते. दिवाळीत किंवा रमजानच्या शेवटच्या आठवड्यात दुकानदार दुसरा गल्ला आणि दुसरा संगणक लावतो. आता दोन्ही संगणकांवर आपापला ‘एकच’ आहे, आणि ५०१ नंबरची दोन बिले निघतात. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक त्या आर्थिक वर्षात दुबार येता कामा नये; तो सोळा अक्षरांच्या आत असावा आणि ओळीने असावा. पण एकाहून अधिक मालिका ठेवायला त्याच नियमात मुभा आहे. तेव्हा पहिल्या गल्ल्याची मालिका ‘अ’, दुसऱ्याची ‘ब’, एवढ्या सरळ उपायाने काम भागते. जुने व्यापारी दोन बिलबुके ठेवताना हेच करत नव्हते का? या पॅटर्नबद्दल खुद्द गामा यांनी २००९ च्या एका मुलाखतीत सांगितले, की ग्रंथाची आवृत्ती सुधारायची झाली तर आपण सिंगलटन वगळू. मूळ ग्रंथकाराने ज्यावर काट मारायची तयारी दाखवली, तेच आपली मुले मुलाखतीसाठी आधी घोकतात.

काही पॅटर्न मात्र दुकानात निःशंक उपयोगी पडतात. अ‍ॅडॉप्टर हा त्यांतला एक. परदेशी यंत्राची पिन आपल्या सॉकेटात बसत नाही म्हणून मध्ये जोड लावतो, तोच हा प्रकार. आज एका कंपनीचा वजनकाटा, उद्या दुसऱ्या कंपनीचा. मध्ये जोड असेल तर बिलाच्या भागाला हात लावावा लागत नाही. ऑब्झर्व्हर म्हणजे एका ठिकाणी काही घडले की ज्यांना कळवायचे त्यांना आपोआप कळावे. साठा दहा नगांखाली आला की मालकाला सूचना जावी आणि खरेदीच्या यादीत ओळ पडावी, हे त्याने नेटके होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. दुकानात प्रिंटर एक, आणि आज्ञावलीत मात्र निरनिराळे प्रिंटर घडवणारा ‘कारखाना’ उभा, असे काम पुष्कळ दिसते. विचारले तर उत्तर मिळते, पुढे लागेल. पुढे कधी लागेल? तोपर्यंत तो कारखाना सांभाळायचा कोणी? लहान दुरुस्तीसाठी सहा फायली उघडाव्या लागतात, आणि त्या वेळेचे पैसे दुकानदार देतो. गंजीफ्रॉकला चौबगला घालणाऱ्या कारागिराला आपण मजुरी देऊ काय?

गंजीफ्रॉकचे उदाहरण मी मुद्दाम दिले. होजिअरीचे कापड स्वतःच ताणते, म्हणून तेथे चौबगल्याची गरजच उरत नाही. संगणकाच्या भाषांचेही असेच आहे. पीटर नॉर्विग या अमेरिकन तज्ज्ञांनी १९९६ साली दाखवून दिले, की त्या २३ पैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डायलन यांसारख्या लवचीक भाषांत फार सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. मूळ ग्रंथाची उदाहरणे सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉक या भाषांत आहेत. आज आपली मुले पायथन शिकतात. तेथे स्ट्रॅटेजीसाठी पुष्कळदा एक साधे फंक्शन हातात दिले की काम होते. कापड बदलले तरी जुनाच काप मारणे यात हुन्नर कसले?

आपल्याकडील शिक्षणाचा दोष येथे येतो. पुणे विद्यापीठाच्या एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात डिझाइन पॅटर्न हा विषय आलेला आहे, ही चांगली गोष्ट. पण प्रात्यक्षिकांच्या वहीत हवामान केंद्राचे तेच ते उदाहरण उतरवले जाते. त्यासाठी जावा भाषेतील तयार ऑब्झर्व्हेबल वापरायला सांगतात, आणि ती सोय जावाकर्त्यांनी २०१७ साली कालबाह्य ठरवली. हवामान केंद्र कोणा विद्यार्थ्याने पाहिलेले नसते. वडिलांचे दुकान मात्र त्याने लहानपणापासून पाहिलेले असते, आणि ते उदाहरण म्हणून कोणीच घेत नाही.

माझे म्हणणे असे, की क्रम उलटावा. पहिल्या वर्षी पॅटर्नचे पुस्तक उघडूच नये. घरच्या किंवा शेजारच्या दुकानाची आज्ञावली साधी, सरळ, ओबडधोबड का होईना पण चालती लिहावी. दुकानदार बदल सांगेलच: उधारीची वही हवी, दुसरा गल्ला हवा, यूपीआयची नोंद वेगळी हवी. प्रत्येक बदलाच्या वेळी किती ठिकाणी हात घालावा लागला ते वहीत टिपून ठेवावे. एकाच जागी तिसऱ्यांदा मोडतोड करावी लागली, की मग पुस्तक उघडावे आणि आपल्या दुखण्याला त्यात नाव आहे का ते पाहावे. अशा वेळी वाचलेले दहा पानांचे प्रकरण जन्मभर लक्षात राहते. सुतारकामात शागीर्दाला पहिल्याच दिवशी कुसू आणि खाच कोणी शिकवत नाही. आधी तो खिळे मारतो, खिळ्याचा सांधा हलतो हे पाहतो, आणि मग उस्तादाने दाखवलेल्या कुसवाची किंमत त्याला कळते.

उस्ताद जवळ नसेल तर दुसऱ्याचे चांगले काम वाचावे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेली ईआरपीनेक्स्ट ही व्यापारी हिशेबाची प्रणाली खुली आहे. तिची मूळ संहिता कोणालाही फुकट वाचता येते. तिच्यात भारताच्या जीएसटीचा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ या नावाने मुख्य प्रणालीपासून अलग ठेवलेला आहे. जगभर चालणारा हिशेब एकीकडे आणि आपल्या सरकारचे बदलते नियम दुसरीकडे. जे वारंवार बदलते ते वेगळे काढावे, हा त्या चौघांच्या ग्रंथाचा गाभा तेथे प्रत्यक्ष दिसतो. महिनाभर रोज तासभर ते वाचणे मला चार महिन्यांच्या महागड्या क्लासपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ‘येथे स्ट्रॅटेजी लाव’ म्हटले की अर्ध्या मिनिटात लावून देतात, नको तेथेही लावून देतात. लिहिण्याची मजुरी त्यामुळे उतरणार. लावावे की नाही हे सांगणाऱ्याची मजुरी उतरेल असे मला वाटत नाही. अलेक्झांडर यांना १९९६ साली सॅन होजेच्या परिषदेत संगणकतज्ज्ञांपुढे बोलायला बोलावले होते, तेव्हा त्यांनी हाच नाजूक प्रश्न पुढे केला: तुमच्या पॅटर्नमुळे आज्ञावली खरोखर अधिक चांगल्या होतात काय?

दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द. ज्यांचे काम टॅलीसारख्या तयार प्रणालीवर भागते त्यांनी स्वतंत्र आज्ञावलीच्या फंदात पडू नये, मुलगा घरचा असला तरीही. ज्यांना खरोखर वेगळे काही हवे आहे, उदाहरणार्थ मापांच्या नोंदी, कारागिरांची नगावर मजुरी, भाड्याने दिलेल्या मालाचा हिशेब, त्यांनी लिहिणाऱ्याला पॅटर्नची नावे विचारू नयेत. एवढेच विचारावे: उद्या दर बदलला तर किती ठिकाणी हात घालशील? दुसरा गल्ला लावला तर काय मोडेल? तू परगावी नोकरीला गेलास तर दुसरा मुलगा हे वाचू शकेल का? तिसऱ्या प्रश्नात पॅटर्नच्या नावांचा खरा उपयोग आहे, कारण भागांची नावे सर्वांना ठाऊक असलेली असतील तर नवा माणूस आठवड्यात रुळतो. पैसे ठरवतानाच मूळ संहिता आणि तिची एक प्रत आपल्या ताब्यात मिळेल असे कागदावर लिहून घ्यावे, आणि शेवटचा हप्ता ती प्रत दुसऱ्या संगणकावर चालवून पाहिल्यावरच द्यावा.